सरळ निघालेले खुंट

पहार टाकली की जमीन काय आहे ते हाताला कळतं. माती असेल तर ‘थप्प’ होतं, मुरूम असेल तर खरखर जाणवते, आणि खाली कातळ असेल तर झटका थेट खांद्यापर्यंत येतो. त्या दिवशी पहिल्याच घावाला झटका खांद्यात आला.

मी पॉलिटनेल, म्हणजे पाईपच्या कमानींवर प्लास्टिकचं कापड ताणून केलेली रोपांची घरं, उभारायचं काम करतो. बाईंच्या मागच्या अंगणात तीन मीटर रुंद, सहा मीटर लांब असा छोटा टनेल बसवायचा होता. शाळेतून निवृत्त झाल्या असल्या तरी सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीही म्हणतो. याच जागेवरचा आधीचा टनेल एका रात्री वाऱ्याने उचलून कुंपणापलीकडे टाकला होता. “पाईप हलके होते, या वेळी जाड घाला,” बाई म्हणाल्या.

मी जुनी भोकं बघायला खाली बसलो. ज्या बाजूने वारा आला होता, तिकडची भोकं जशीच्या तशी गोल होती. कड कुठे फुटलेली नव्हती. समोरच्या बाजूची भोकं मात्र लांबट होऊन फाटली होती. म्हणजे एका बाजूचे खुंट सरळ वर निघाले, मग अख्खा सांगाडा दुसऱ्या बाजूवर उलटला. पाईपच्या जाडीचा यात काही संबंध नव्हता. वीसेक सेंटीमीटर मुरमात नुसते ठोकलेले गुळगुळीत पाईप, त्यांना वर जाताना धरून ठेवणारं काहीच नव्हतं.

ही गोष्ट समजवायला मला नेहमी वेळ लागतो, पण मी तो देतो. टनेल पडेल अशी भीती लोकांना वाटते, प्रत्यक्षात तो उडतो. कमानीवरून वारा वेगाने जातो तेव्हा कापड वर ओढलं जातं, आणि वाऱ्याकडचं दार उघडं असेल तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. बाईंच्याच वहीत मी मांडून दाखवलं. ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला 25 किलोच्या आसपास जातो. टनेलखालची जागा 18 चौरस मीटर, म्हणजे ओढ साडेचारशे किलोपर्यंत जाऊ शकते. वेग निम्मा झाला तर दाब चौथाई होतो, तेवढ्या वाऱ्यात सगळं ठीक दिसतं आणि माणूस निर्धास्त राहतो. पाच कमानी, दहा पाय. वाटणी केली तर पायाला 45 किलो, पण वारा सारखी वाटणी करत नाही, टोकाच्या पायांवर जास्त येतं. मी प्रत्येक पाय किमान 100 किलो धरेल असाच करतो.

बाईंनी आकडे पुन्हा तपासले, मगच मान हलवली.

सात पायांखाली सलग कातळ लागला. तिथे लोखंडी पायप्लेटी, त्यांना वेल्ड केलेले छोटे खुंट, आणि प्रत्येक प्लेटीला दोन 12 मिलिमीटरचे आटे पाडलेले रॉड, भोकात रेझिन (मिसळल्यावर कडक होणारा चिकट मसाला) भरून बसवायचे. माझ्याबरोबरच्या पोराने हॅमर ड्रिलने 14 मिलिमीटरची भोकं पाडली, फुंकर मारली, रेझिन भरून रॉड फिरवत आत घातले. मी दुसऱ्या बाजूला खड्ड्यांत होतो. रेझिन पूर्ण कडक झाल्यावर मी नेहमीप्रमाणे एका प्लेटीला साखळी बांधली, पहारीची तरफ केली आणि अंगाचा भार टाकला.

दोन्ही रॉड हळूच वर आले.

पोराचा चेहरा उतरला. मी रॉड उन्हात धरला. रेझिन कडक झालं होतं, पण त्याच्यावर राखाडी भुकटीचा पातळ थर बसला होता, पिठात लोळवलेल्या शेंगेसारखा. रेझिन कातळाला चिकटलंच नव्हतं, ते धुळीला चिकटलं होतं. “दादा, फुंकलं होतं की मी,” तो म्हणाला. फुंकलं होतंच. पण भोकाच्या भिंतीला बसलेली धूळ नुसत्या फुंकरीने निघत नाही, हे मी त्याला शिकवलं नव्हतं. चूक माझी होती, आणि ती मी बाईंसमोर सांगितली.

सातही प्लेटींची भोकं बाजूला सरकून नव्याने पाडली. पंपाने हवा मारायची, तारेचा ब्रश आत फिरवायचा, परत हवा, परत ब्रश, भोकातून काही उडेनासं होईपर्यंत. नळीतून आधी येणारं रेझिन नीट मिसळलेलं नसतं, रंग एकसारखा होईपर्यंत ते फेकून द्यायचं. या वेळी मी आणि पोरगा दोघे तरफेवर लटकलो. साखळी ताठ झाली, प्लेट जागची हलली नाही. सातही तपासल्या.

उरलेल्या तीन पायांखाली कातळ नव्हता, हाताने चुरा होणारा मुरूम होता. अशा जागी बोल्ट ठोकणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. तिथे 40 सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे घेतले, तळाशी थोडे पसरट, आणि काँक्रीट भरलं. एका खड्ड्यात दीडशे किलो वजन बसतं.

कमानी संध्याकाळी उभ्या राहिल्या. रोपं ट्रेमध्ये तयार होती, बाईंना कापड त्याच दिवशी हवं होतं. मी नाही म्हटलं. कापडाशिवाय सांगाड्यातून वारा निघून जातो. कापड चढलं की सगळी ओढ कच्च्या काँक्रीटवर येते. त्यांना आवडलं नाही, पण आठवडाभर काँक्रीटवर पाणी त्यांनीच मारलं.

आठ दिवसांनी गेलो. कातळात चर खणता येत नाही, म्हणून कापडाची कड पुरता आली नाही. ती पट्टीभोवती गुंडाळून तळाच्या लाकडी फळीवर स्क्रूने आवळली. वारा पडलेला आणि ऊन चढलेलं असताना कापड ताणलं, गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. ढिलं कापड फडफडत राहतं आणि हळूहळू नट सैल करतं. पोरगा पाना घेऊन दहाही पायांवरून फिरला. बाई त्याच्यामागे वही घेऊन, एकेका पायापुढे खूण करत.