पुड्याच्या मागच्या बाजूपासून : आमची वाटचाल

माझे बाबा बत्तीस वर्षं पुण्यातल्या एका बेकरीत भट्टीवर होते. मे महिन्याची सुट्टी लागली की बायका घरून रवा, मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन यायच्या. बेकरीवाले किलोमागे मजुरी घ्यायचे. तूप-साखर फेसून, पीठ मळून पत्रे भट्टीत जायचे आणि संध्याकाळी नानकटाईने भरलेले डबे घरोघर पोचायचे. कुणाचा पत्रा कुठला हे चुकू नये म्हणून बाबा पत्र्याच्या कडेला खडूने आडनाव लिहायचे. त्या अक्षरांची मला अजून आठवण आहे.

आम्हा भावंडांना मात्र नानकटाईचं अप्रूप नव्हतं. ती घरात कायम असायची. आम्ही हट्ट करायचो तो विकतच्या पुड्यासाठी. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मेणकागदाचा पार्ले-जीचा पुडा उघडताना जो वास यायचा, तो बाबांच्या भट्टीतल्या कुठल्याच मालाला नव्हता. आमचा घरगुती बिस्किटांचा व्यवसाय त्या वासाच्या शोधातून उभा राहिला आहे.

मी अकरा वर्षं एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, गुणवत्ता तपासणीच्या विभागात काम केलं. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, नोकरी सोडली. तिच्या शाळेने मधल्या सुट्टीत विकतचे पुडे आणायचे नाहीत असा नियम केला होता आणि तिला तर तेच बिस्किट हवं होतं. मी म्हटलं, घरी करू. अठ्ठावीस लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा घरगुती ओव्हन घेतला, साजूक तूप घेतलं, दूध पावडर घेतली आणि मनापासून पहिला घाणा काढला. दिसायला सुरेख झाला. बाबांनी एक बिस्किट चहात बुडवलं, वर काढलं, पुन्हा बुडवलं. ते काही केल्या मऊ पडेना. म्हणाले, "ही नानकटाई झाली गं. बिस्किट कुठाय?"

तिथे मला पहिली गोष्ट कळली. घरी करायचं म्हणजे जास्त तूप, जास्त लोणी, जास्त दूध घालायचं, असं आपण धरून चालतो. पण पिठाच्या कणांवर स्निग्धाचा थर बसला की चहा आत शिरत नाही. ग्लुकोज बिस्किट चहा पितं, कारण त्यात स्निग्ध पदार्थ बेताचे असतात. आज आमच्या चहाच्या बिस्किटात एक किलो मैद्याला लोणी आणि तूप मिळून १६० ग्रॅमच्या वर जात नाही. नानकटाईत हेच प्रमाण ६०० ग्रॅमच्या घरात असतं. "एवढं कमी तूप? मग घरगुती कसलं?" असं विचारणारी गिऱ्हाइकं आजही येतात. मी त्यांना चहा देते आणि बिस्किट बुडवायला सांगते.

दुसरी गोष्ट पुड्याच्या मागच्या बाजूने शिकवली. पाकिटावर घटक उतरत्या वजनाने छापावे लागतात, त्यामुळे नीट वाचलं तर अर्धी कृती तिथेच मिळते. मैदा, साखर, पाम तेल, मग इनव्हर्ट सिरप, मग ५०३ आणि ५०० असे आकडे, मीठ, दुधाचे घन पदार्थ. नोकरीमुळे मला आकड्यांची भीती नव्हती. ५०० म्हणजे खायचा सोडा. ५०३ म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, ज्याला बेकरीतली माणसं नुसतं 'अमोनिया' म्हणतात. बाबांनी तो आयुष्यभर वापरला होता. भट्टीच्या उष्णतेने त्याचा पूर्ण वायू होतो, मागे काही उरत नाही, आणि बिस्किट हलकं, कुरकुरीत होतं. पण माल पातळ आणि कोरडा हवा. मी तो एकदा जाडसर चॉकलेट कुकीत घातला, तर आतला वायू बाहेर पडलाच नाही आणि कुकी फोडल्यावर नाकात झणका गेला. आख्खा घाणा टाकून द्यावा लागला.

इनव्हर्ट सिरप घरी करता येतं. अर्धा किलो साखर, पाव लिटर पाणी, अर्धा चमचा लिंबूसत्व, आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात, आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज दुधातल्या प्रथिनांसोबत भट्टीत तांबूस होतात. लहानपणी पुडा उघडल्यावर यायचा तो वास यातूनच येतो. या क्रियेला मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याने १९१२ साली तिच्यावर लिहिलं. किलोला तीस-चाळीस ग्रॅम पाक घातला त्या दिवशी ओटीजीचं दार उघडलं आणि बाबा बाहेरच्या खोलीतून उठून स्वयंपाकघरात आले. मुलीने दुसऱ्या दिवशी डबा रिकामा आणला आणि सोबत मैत्रिणींच्या आयांचे निरोप आणले.

व्यवसाय असा सुरू झाला. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून मैदा-साखरेची पोती, बोहरी आळीतून पाकिटं आणि साचे, आणि आमच्या धनकवडीच्या घराची मागची गॅलरी. अन्न परवान्याची नोंदणी पहिल्याच वर्षी घेतली. बारा लाखांखाली उलाढाल असणाऱ्यांना तेव्हा वर्षाला शंभर रुपये भरून ती मिळत होती. पाकिटावर चौदा आकडी नोंदणी क्रमांक आणि हिरवा ठिपका छापून आला तेव्हा सासूबाईंनी पहिलं पाकीट देवापुढे ठेवलं. हिरवा ठिपका पुण्यात फार उपयोगी पडतो. दारात येणारा निम्मा माणूस पहिला प्रश्न 'अंडं नाही ना?' हाच विचारतो.

२०१६ च्या डिसेंबरात एका मुंजीसाठी परतभेटीचे दोनशे पुडे मागितले गेले. तोपर्यंतची ती सगळ्यात मोठी ऑर्डर. रात्री अकरापर्यंत भाजलं, लवकर निवावं म्हणून पंख्याखाली पसरलं आणि झोपलो. सकाळी पाकिटं भरायला बसलो तर निम्म्याहून जास्त बिस्किटांना मधोमध केसासारखी चीर. कुणी हात लावला नव्हता. उचललं की दोन तुकडे. पिठात काही चुकलं का, अमोनिया जुना होता का, साखर जाड होती का, मी सगळं तपासलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "वाऱ्यावर ठेवलीस?"

भट्टीतून निघालेल्या बिस्किटाच्या कडा कोरड्या असतात आणि मध्यभागी थोडा ओलावा उरलेला असतो. निवताना मधला ओलावा हळूहळू कडांकडे सरकतो. कडा फुगायला बघतात, मधला भाग आकसतो. त्यात पंख्याचा गार वारा लागला की हा ताण वाढतो आणि काही तासांनी बिस्किट आपोआप तडकतं. बाबांना यातलं रसायन ठाऊक नव्हतं. त्यांच्या बेकरीत पत्रे भट्टीतून निघाले की भट्टीच्याच खोलीत, दार लोटून, घोड्यावर, म्हणजे पत्रे ठेवायच्या मांडणीवर चढवायचे, एवढा नियम त्यांना माहीत होता. मी अकरा वर्षं प्रयोगशाळेत काढली होती आणि हे मला त्यांच्याकडून समजलं. त्या दिवशी आम्ही सगळे घाणे पुन्हा काढले. आच थोडी उतरवली, शेवटची तीन मिनिटं वाढवली, आणि निवायला बंद खोली. मुंजीच्या सकाळी साडेसहाला माझे दीर पुडे घेऊन कार्यालयात पोचले. आजही आमच्या निवायच्या खोलीत पंखा बसवलेला नाही. नवीन येणाऱ्या ताईंना उन्हाळ्यात ते जड जातं, म्हणून पाकिटं भरायचं काम आम्ही वेगळ्या खोलीत हलवलं.

पावसाळ्याने दुसऱ्या प्रकारे शिकवलं. २०१७ च्या जुलैत एका दुकानाने चाळीस पुडे परत केले, सगळे सादळलेले. पातळ प्लॅस्टिक आणि किंचित कोमट असतानाच केलेलं पॅकिंग, ही दोन्ही कारणं आमचीच. मग चंदेरी थराचं जाड पाकीट आलं आणि भरण्याआधी वजन करून ओलावा बघायची सवय आली. दोन-तीन टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर घाणा परत पत्र्यावर जातो.

त्याच वर्षी छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतून 'किशोर' गटातलं तीन लाखांचं कर्ज घेतलं आणि दोन कप्प्यांचा डेक ओव्हन आला. आता जागा बिबवेवाडीत आहे, भाड्याची, आणि आम्ही सात जणं आहोत.

मागणी वाढली तशी लोक आपापल्या आवडीचं बिस्किट घेऊन येऊ लागले. खरोखर पुडा हातात घेऊन. "ताई, असंच करून द्या." बोरबॉन झालं, ते १९१० साली लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने काढलं तेव्हा त्याचं नाव क्रिओला होतं. त्यावरची भोकं सजावटीची नाहीत. वाफ बाहेर पडून बिस्किट सपाट राहावं म्हणून ती पाडतात. हे कळेपर्यंत आमची बोरबॉनं पापडासारखी फुगत होती. काळ्या क्रीम बिस्किटाने सर्वांत जास्त छळलं. साध्या कोकोत सोडा वाढवला की रंग गडद होतो आणि चव साबणासारखी होते. अल्कलीची, म्हणजे क्षाराची प्रक्रिया केलेला काळा कोको महाग पडतो, पण दुसरा रस्ता नाही. आणि क्रीम! कारखान्यातली क्रीम उन्हात टिकते, कारण त्यातलं वनस्पती स्निग्ध तशा हिशोबाने निवडलेलं असतं. आमचं लोणी पस्तीस अंशांच्या आत वितळतं आणि पुण्याचा एप्रिल चाळिशीला जातो. पिठीसाखर वाढवली, दूध पावडर घातली, कोको बटर घालून पाहिलं. शेवटी ठरवलं की एप्रिल-मेमध्ये क्रीमचं बिस्किट विकायचं नाही. दुकानदार नाराज होतात. त्यांना मी जूनचा वायदा करते.

वनस्पती तूप घालून सगळं सोपं झालं असतं, आणि बाबांच्या काळात सगळीकडे तेच चालायचं. त्यात असणाऱ्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक स्निग्धावर, २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून आली, पण आम्ही पहिल्यापासून ते घेतलं नाही. इथे घरगुती या शब्दाला मी अर्थ मानते.

श्रुसबेरीबद्दल लोक हमखास विचारतात. पुण्यात बिस्किटं करायची आणि श्रुसबेरी नाही, असं कसं चालेल? मी दीड वर्ष प्रयत्न केला. घरगुती कृतींमध्ये कस्टर्ड पावडर सांगतात. त्यातल्या मक्याच्या पिठाने बिस्किट ठिसूळ होतं आणि रंगही येतो, पण तोंडात चव कस्टर्डचीच राहते. एका रविवारी बाबांसमोर दोन बश्या ठेवल्या, एकीत आमचं आणि दुसरीत कँपातल्या ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीचं. १९५५ पासून तिथे लोक रांगा लावतात. बाबांनी दोन्ही खाल्ली आणि म्हणाले, "तुझं चांगलं आहे. पण ते ज्याला हवंय तो कँपात जाईल, आणि त्याने जावं." आम्ही ते यादीतून काढलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. पुड्यातलं बिस्किट यंत्राने सगळीकडे एकसारखं होतं, म्हणून त्याचा माग काढता येतो. एका भट्टीवर वर्षानुवर्षं बसलेला हात पुड्यामागे छापलेला नसतो.

एका दुकानदाराने पाकिटावर मोठ्या कंपनीचं नाव घालून पुढे 'घरचं' लिहा असा आग्रह धरला होता. ती नावं नोंदणीकृत आहेत. ती आमची नाहीत. बोरबॉन, मारी, डायजेस्टिव्ह ही प्रकारांची नावं आहेत, ती आम्ही लिहितो. बाकी सगळ्याला 'चहाचं बिस्किट', 'काजूचं बिस्किट' अशी साधी नावं आहेत. त्या दुकानात आमचा माल जात नाही.

पाच रुपयांच्या पुड्याशी आमची स्पर्धा नाही. त्या किमतीत ते देता येतं ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते, आणि ज्या घरात तोच पुडा परवडतो त्या घराला मी कधी 'ते खाऊ नका' म्हणणार नाही. आमचा पाव किलोचा पुडा बराच महाग आहे. बिस्किटांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला अठरावरून पाच टक्क्यांवर आला. ती घटस्थापना होती. आदल्या रात्री आम्ही सगळ्यांनी बसून किमतीची नवी लेबलं चिकटवली आणि सकाळपासून कमी भावाने विक्री केली.

सध्या मारीवर काम चालू आहे. ते १८७४ चं बिस्किट, दिसायला सगळ्यात साधं आणि करायला सगळ्यात अवघड. त्याचं पीठ मळून ताणावं लागतं आणि लाटल्यावर ते आकसतं, गोलाचा अंडाकार होतो. कारखान्यात त्यासाठी पिठात २२३ क्रमांकाचं द्रव्य घालतात, त्याने पिठाचा ताण सैल पडतो. आम्हाला ते घालायचं नाही, म्हणून पीठ तासन् तास झाकून ठेवतोय आणि थोडं कॉर्नफ्लोअर मिसळून बघतोय. एकोणिसावा घाणा झाला. बाबांच्या मते अजून गोल नाही.

गेल्या मेपासून एक जुनी गोष्ट पुन्हा सुरू केली. दर मंगळवारी दुपारी दोन ते पाच ओव्हन आमच्या मालासाठी नसतो. शेजारपाजारच्या बायका आपला रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन येतात, आम्ही मजुरी घेऊन नानकटाई भाजून देतो. पहिल्या मंगळवारी चार जणी आल्या, शेवटच्या मंगळवारी सव्वीस. बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, फार वेळ उभं राहवत नाही. ते ओव्हनशेजारी खुर्ची टाकून बसतात, पत्रा आत जाण्याआधी मांडीवर घेतात आणि कडेला खडूने आडनाव लिहितात.