परातीतलं क्षितिज: दुपारचा वेध १२० अंशांवर अडकला

मागच्या नोंदीतला बेत असा होता: परभणीतूनच माध्यान्हीच्या सूर्यवेधाचा (भर दुपारी सूर्याची उंची मोजून आपला अक्षांश काढण्याचा) सराव, म्हणजे घरच्यांसोबत शिडाच्या बोटीने अरबी समुद्र ओलांडायला निघालेल्या पोरीचा हात हिवाळ्याआधी बसेल. इथे समुद्राचं क्षितिज नाही, म्हणून परातीतल्या तेलात दिसणारं सूर्याचं प्रतिबिंब वापरायचं. तेल जमलं, काच जमली, अन् ऐन वेळी सेक्स्टंटच (आरशांनी कोन मोजायचं यंत्र) अपुरा पडला.

तेलातला सूर्य क्षितिजाखाली तेवढाच खोल दिसतो, म्हणून परातीवर कोन दुप्पट मोजावा लागतो. परभणीचा अक्षांश १९ अंश १६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). १० ऑक्टोबरला सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचा कोन) साधारण साडेसहा अंश दक्षिण, म्हणजे १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) ६४, दुप्पट १२८. सेक्स्टंटचा अंश मोजायचा कंस १२० ला संपतो! उन्नतांश ६० च्या आत यायला क्रांती पावणेअकरा अंश दक्षिणेच्या पलीकडे हवी, म्हणजे २१ ऑक्टोबर ते २० फेब्रुवारी एवढेच दिवस. मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी तर दुप्पट कोन १८० च्या घरात जातो. समुद्रावर ही भानगडच नाही, तिथे ६४ म्हणजे ६४.

तेलाचं मात्र छान झालं. पाणी वाऱ्याच्या झुळकीनेही थरथरतं. काकवी स्थिर राहते, पण मुंगळे दहा मिनिटांत हजर. नवं इंजिन ऑइल पारदर्शक असल्याने परातीचा तळ दिसतो. गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल सर्वांत उत्तम, आणि फुकट. थर ३-४ मिलिमीटरच ठेवा, जाड थर उशिरा शांत होतो. परात गच्चीवर नको, बोअरची मोटर सुरू झाली की प्रतिबिंब नाचतं. वाऱ्यासाठी वर साधी खिडकीची काच चालते, फक्त तिच्या दोन्ही बाजू समांतर नसतात. म्हणून अर्धे वेध झाले की काच उलट दिशेने फिरवायची आणि सरासरी घ्यायची. असल्या क्षितिजाची तयार पेटी विकत घेण्यात अर्थ नाही. काळी फिल्टर काच दोन्ही आरशांपुढे हवीच, तेलातला सूर्यही डोळा जाळतो.

प्लॅस्टिकच्या सेक्स्टंटचा इंडेक्स एरर (शून्य सरकल्याची चूक) उन्हात सरकतो, म्हणून वेधाआधी आणि नंतर सूर्यावरच तपासायचा: शून्याच्या दोन्ही बाजूंना बिंबाच्या कडा टेकवून वाचन. दोन्हींची बेरीज ६४ कलांच्या आसपास आली तर हात बरोबर. हिशोबाचा क्रम चुकवू नका. आधी पूर्ण कोनाला इंडेक्स एरर, मग निम्मा, मग वक्रीभवन (हवेत किरण वाकल्याची दुरुस्ती). दोन बिंबं एकावर एक नेमकी बसवली तर अर्धव्यासाची दुरुस्ती नको, आणि क्षितिज-नतीची (डोळा उंच असल्याने क्षितिज खाली दिसतं त्याची) तर नाहीच. निम्मं केल्याने हाताची चूकही निम्मी होते, हे समुद्रावर मिळत नाही.

तोवर दुपारी ३ चा वेध: सूर्य ४१ अंशांवर, दुप्पट ८२, आरामात बसतो. अक्षांश थेट मिळत नाही, स्थितिरेषा (जिच्यावर आपण कुठेतरी आहोत ती रेषा) मिळते, आणि घड्याळ ४ सेकंद चुकलं की रेखांशात १ कला जाते. ध्रुव ताऱ्याचा दुप्पट कोन ३८ च्या आसपास असल्याने तो सोपा वाटला होता, पण काळ्या तेलात इतका मंद दिसतो की दुर्बिणीशिवाय सोडून द्यावा.

हे लिहिता लिहिता सुचलं, नाथसागर, म्हणजे पैठणचा जायकवाडी जलाशय, आहेच की! डोळा पाण्यापासून २ मीटर उंच असेल तर क्षितिज ५.४ किलोमीटरवर असतं. उत्तर काठावरून दक्षिणेला त्याहून जास्त पाणी असेल तर ते खरंच समुद्राचं क्षितिज, नती अडीच कला, आणि ६४ सरळ मोजता येतील. पाऊस नुकताच संपलाय, धरण भरलेलं आहे. तेव्हा परात २१ तारखेपर्यंत बाजूला. आधी नकाशावर काठ मोजायचा, मग पैठणच्या पक्षी अभयारण्याची परवानगी. तिपाई, पट्टी आणि मिनिट-सेकंदांची वही सोबत.