४०९१ एच: एका काळ्या घड्याळाचं वय काढताना

कनेटिकटमध्ये राहून जुन्या घड्याळांचा नाद लागला नाही तरच नवल. वॉटरबरी, अन्सोनिया, न्यू हेवन ही इथल्या गावांची नावं, आणि जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवरचीही. शेजारच्या आजोबांनी घर विकताना फायरप्लेसवरचं त्यांचं काळं घड्याळ मला देऊन टाकलं. सोबत माहितीही दिली: काळा संगमरवर, साल १८८०.

संगमरवराबद्दल उचलतानाच शंका आली. त्या काळात फ्रान्समध्ये काळ्या दगडाची घड्याळं बनत. ती उचलताना कंबर धरते, आणि हात लावला की गार लागतात. हे मी सहज उचलून जिना चढलो. (लंबक आधी काढून ठेवला होता. तो आत लटकत ठेवून घड्याळ हलवू नये.) दोन्ही बाजूंना सिंहाची तोंडं, पुढे खांब, खांबांना सोनेरी टोप्या, थाट सगळा दगडी, पण आत लाकूड.

आई तेव्हा इथेच आली होती. मी कोपरा अंगठ्याने गरम होईपर्यंत घासला आणि तिच्या नाकाशी नेला.

"अरे, याला कापराचा वास कसा रे?"

रोज आरती करणारं नाक चुकत नाही. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, बनवताना खरोखरच कापूर घालतात. लाकडावर सेल्युलॉइडचा पातळ थर चिकटवून दगडाचा भास आणायचा, ही सेथ थॉमस या घड्याळ कंपनीची 'अ‍ॅडमंटाइन' पद्धत. काही जण ओळख पटवायला तापवलेली सुई टोचून बघतात. तसलं काही करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. नेलपॉलिश रिमूव्हरही लांब ठेवा, थर विरघळतो. घट्ट पिळलेलं मऊ फडकं पुरतं.

आता साल. घड्याळ उताणं करून तळ पाहिला. अर्धवट फाटलेल्या लेबलावर ७ सप्टेंबर १८८० ही तारीख स्वच्छ वाचता येत होती. आजोबांचं १८८० इथूनच आलेलं. पण ती त्या थराच्या पेटंटची तारीख. घड्याळ त्याआधीचं नाही, एवढंच तिच्यावरून ठरतं. हे लेबल पुढे कितीतरी वर्षं लावत होते, आणि जुन्या वस्तू विकणाऱ्यांना नेमकी तीच तारीख सोयीची वाटते!

खरा पुरावा लेबलाच्या शेजारी होता. तिरप्या उजेडात टॉर्च धरल्यावर शाईचा पुसट शिक्का दिसला: ४०९१ एच. त्या काळात सेथ थॉमसवाले साल उलटं छापत आणि पुढे महिन्याचं अक्षर टाकत, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. म्हणजे १९०४, ऑगस्ट. साल उलटं का? दुकानात पडून राहिलेला माल जुना आहे हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून, असं मला वाटतं.

मात्र शिक्का पेटीचा असतो. आतलं मशीन कुणी बदललं असेल तर? मागचं दार उघडून पाहिलं. मशीनच्या पितळी पाटीवर कंपनीचं नाव आणि ८९ हा आकडा होता. हे मॉडेल कंपनीने बरीच वर्षं काढलं, त्यामुळे १९०४ शी ते जुळतं, पण त्याच्यावरून नेमकं साल सांगता येत नाही. त्याहून जास्त भरवसा मी स्क्रूंच्या भोकांवर ठेवला. मशीन बदललं की लाकडात जुनी, रिकामी भोकं राहतात. इथे एकही नव्हतं. मशीन खोलायच्या भानगडीत मात्र पडलो नाही. चावी भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जायची, ते काम घड्याळजीचं.

तासाचे ठोके आतल्या गुंडाळलेल्या तारेवर पडतात, अर्ध्या तासाचा घंटीवर. बारापाशी एक बारीक भोक आहे. चावीचं लहान टोक त्यात घालून फिरवलं की घड्याळ पुढे-मागे पळणं आटोक्यात येतं.

किमतीच्या दृष्टीने यात फारसं काही नाही, अशी घड्याळं कंपनीने ढिगाने काढली. मॉडेलचं नाव अजून पक्कं झालेलं नाही, कारण नेमका तोच भाग लेबलावरून फाटलाय. जुन्या कॅटलॉगांच्या पुनर्मुद्रणात दोन चित्रं जवळची वाटतात. फरक फक्त पायांच्या नक्षीत आहे, आणि आमच्या घड्याळाचा पुढचा एक पाय बदललेला दिसतोय.