लांडग्याची उडी: ३६ पैकी २२ चित्रं झाली

टॉम मूर आणि रॉस स्टुअर्टचा ‘वूल्फवॉकर्स’ (२०२०) हा अ‍ॅनिमेशनपट चौथ्यांदा बघितला आणि हाताने अ‍ॅनिमेशन काढायचा हा उद्योग मागे लावून घेतला. शॉट माझाच, साधा: लांडगा खडकावरून उडी मारतो, खाली येतो, मान वळवून आपल्याकडे बघतो. ३ सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं की सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे ३६ कागद.

मला त्यातली रेषा शिकायची होती. गोष्ट १६५०च्या आयर्लंडमधल्या किल्केनीतली. मूर त्याच गावात वाढला आणि त्यांचा ‘कार्टून सलून’ स्टुडिओही तिथलाच. माणूस झोपला की त्याच्यातून लांडगा बाहेर पडतो, ही तिथल्याच ऑसरी भागातली जुनी लोककथा. गावातली माणसं जाड, कोनदार रेषेत, लाकडी ठशाने छापल्यासारखी. जंगलात मात्र पेन्सिल मोकाट सुटते आणि कच्च्या रेखाटनातले गोल, कण्याच्या रेघा पुसलेल्याच नसतात. नायिका रॉबिन जंगलाकडे ओढली जाते तशी तिचीही रेषा सैल होत जाते. (लांडग्याच्या नजरेतली दृश्यं आधी संगणकात त्रिमितीत करून मग कागदावर कोळशाने-पेन्सिलीने पुन्हा काढली आहेत. त्या वाटेला मी जाणार नाही.)

पहिल्या आठवड्यात मी शहाणपणा केला. चित्रं नीट फेअर केली आणि वरून ‘कच्चे’ गोल काढले. मेकअप केल्यासारखं दिसलं. ९ कागद रद्दीत. आता सरळ ४बी (मऊ, काळी पेन्सिल) घेऊन पहिल्याच रेखाटनावर काम करतोय, खोडरबर कपाटात. लांडगा खाली येताना छातीचा गोल लांबट होतो, खांद्याचं हाड वर येतं. तो गोल ठेवला की वजन आपोआप दिसतं.

दुसरा घोळ पंचिंगचा, म्हणजे सगळे कागद एकाच जागी बसावेत म्हणून भोकं पाडण्याचा. तीन-तीन कागद एकदम पंच करत होतो, खालचा जरासा सरकायचा. मिलिमीटरभर फरक, पण स्क्रीनवर लांडगा खडकासकट उडतो! आता एकेक कागद.

परवा पहिली २२ चित्रं मोबाइलवर जोडून पुतणीला दाखवली. ती म्हणाली, “काका, कुत्र्याला खाज सुटलीय का?”

कुत्रा म्हणाली ते सोडा, पण खाज खरीच. सगळ्याच आधाररेषा ठेवल्या की प्रत्येक चित्रात त्या वेगळ्या पडतात आणि अंगभर थरथर होते. थोडी हवीच असते, एवढी नाही. म्हणून आता फक्त छातीचा गोल आणि कण्याची रेघ ठेवतोय. डोकं स्वच्छ, कारण शेवटी नजर तिथेच जाणार.

२३व्या चित्रात पुढचे पाय जमिनीला टेकतात. कागद पंच करून लाइटबॉक्सच्या (खालून उजेड देणाऱ्या पेटीच्या) पेगवर, म्हणजे खुंट्यांवर, चढवून ठेवलाय.