मिनी ट्रॅक्टरला मागे दोन लिव्हर बसवले, त्याची गोष्ट

आमच्याकडे २७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, फोर बाय फोर. मोसंबीच्या दोन ओळींत मोठा ट्रॅक्टर घातला की डहाळ्या मोडतात, म्हणून चार वर्षांपूर्वी हा घेतला. अंबड तालुक्यात आमच्या शिवारात आता बऱ्याच बागांत असलेच ट्रॅक्टर दिसतात. फवारणी, रोटाव्हेटर, वखरणी सगळं नीट चाललं होतं. घोटाळा सुरू झाला तो पलटी नांगरापासून, म्हणजे ज्याचा फाळ धुऱ्यावर उलटा फिरवता येतो तो नांगर.

दाजींनी मोठा ट्रॅक्टर घेतल्यावर त्यांचा जुना एकफाळी हायड्रोलिक पलटी नांगर मला दिला. फुकट नाही, पण फुकटातच म्हणा. घरी आणून जोडायला गेलो तर नांगराला पाईप दोन आणि माझ्या ट्रॅक्टरला मागं तेलाचा पॉइंट एकच, ट्रॉलीचा.

“पॉइंट तर आहे, मग अडचण काय?” असं मला निदान दहा जणांनी विचारलं. अडचण अशी की हा पॉइंट म्हणजे मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टचंच तेल बाहेर काढलेलं असतं. बोल्ट फिरवला की लिफ्ट बंद आणि ट्रॉली चालू. लिफ्टचं लिव्हर वर केलं की ट्रॉली पलटते, खाली केलं की आपल्या वजनानं बसते. ट्रॉलीला एवढं पुरतं. पलटी नांगराचा जॅक (तेलाच्या दाबानं सरकणारा दांडा) मात्र दोन्ही बाजूंनी तेलानंच ढकलावा लागतो. आणि मुख्य म्हणजे धुऱ्यावर आलं की नांगर आधी लिफ्टनं उचलायचा आणि वर असतानाच पलटायचा. म्हणजे लिफ्टही चालू पाहिजे आणि जॅकही. एका पॉइंटवर हे होत नाही.

शोरूमवाल्यानं किट सांगितला, पण दीड महिना थांबा म्हणाला. उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत दीड महिना! मग मी जालन्याला जाऊन दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह, म्हणजे तेल हव्या त्या पाईपात वळवणारा ठोकळा, घेऊन आलो, मोनोब्लॉक (एकसंध बॉडीचा), मिनिटाला ४० लिटरचा. आमचा पंप मिनिटाला १८ लिटर तेल फेकतो, त्यामुळं साईज भरपूर होती. दुकानदारानं एवढंच विचारलं, “कपलर पण देऊ का?” म्हणजे होज (तेलाचे रबरी पाईप) जोडायची खटक्याची तोंडं. बाकी त्यानं काही विचारलं नाही आणि मला काय विचारायचं ते माहीत नव्हतं.

गावातल्या फिटरनं एका दिवसात बसवून दिलं. उजव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला ८ एमएमच्या पट्टीचं ब्रॅकेट, त्यावर व्हॉल्व्ह, लिव्हर बरोबर हाताशी. पंपाकडून लिफ्टकडं जाणारा लोखंडी पाईप मध्ये तोडला, पंपाचं टोक व्हॉल्व्हच्या इनलेटला, व्हॉल्व्हचं आउटलेट लिफ्टला. दिसायला एकदम कंपनीसारखं. चालू केलं तर लिफ्ट चालली, नांगरही पलटला. मी त्याला जेवू घातलं.

तिसऱ्या दिवशी रानात, सातव्या का आठव्या तासाला (नांगराच्या ओळीला), धुऱ्यावर नांगर उचलला आणि मांडीवर काहीतरी गरम पडलं. बघतो तर व्हॉल्व्हच्या लिव्हरच्या बुडातून तेल गळतंय, ठिबकच्या फुटक्या नळीसारखं. लिफ्ट सोडली की बंद, लिफ्ट उचलली की सुरू. पाच लिटरच्या डब्यातलं होतं तेवढं तेल ओतलं आणि रडत-खडत घरी आणला. फिटर म्हणाला व्हॉल्व्हच खराब दिला. दुकानदार म्हणाला बसवताना बिघडवला. आण्णा काहीच म्हणाले नाहीत, नुसते ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारून गेले.

जालन्याला एमआयडीसीच्या बाजूला जेसीबीचे होज प्रेस करून देणारी दुकानं आहेत. रोलिंग मिला असल्यामुळं तिथं हायड्रोलिकची कामं बारमाही असतात. त्यातल्या एका दुकानात एक म्हातारे मिस्त्री बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मोबाईलवरचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “सब बराबर है बेटा. पर ये तेल वापस किधर जारा?”

मला प्रश्नच कळला नाही.

मग त्यांनी दुकानाच्या फरशीवर खडूनं काढून दाखवलं. ते जसं कळलं तसं सांगतो, कारण सगळी गोम इथंच आहे. आपल्या मिनी ट्रॅक्टरचा पंप इंजिन चालू असेपर्यंत सतत तेल फेकत असतो. कुणी काम सांगितलं नाही तर ते तेल नुसतं फिरून गिअरबॉक्समध्ये परत जातं. व्हॉल्व्ह मध्ये घातला की दोन वेगवेगळ्या वाटा लागतात. एक, लिव्हर मध्यावर असताना पंपाचं तेल जसंच्या तसं पुढं लिफ्टकडं जायची वाट. ह्या वाटेवर लिफ्टचा सगळा दाब येतो. दुसरी, जॅकमधून रिकामं होऊन आलेलं तेल टाकीत परत जायची वाट. हिच्यावर दाब जवळपास नसतोच. साध्या व्हॉल्व्हमध्ये या दोन्ही वाटा आतून एकाच आउटलेटला जोडलेल्या असतात, कारण ते आउटलेट थेट टाकीत जाईल असं धरलेलं असतं. आमच्या फिटरनं ते लिफ्टला जोडलं. म्हणजे लिफ्टनं नांगर उचलला की तो दाब उलटा व्हॉल्व्हच्या परतीच्या वाटेत. आणि लिव्हरच्या बुडाशी असलेली सीलं त्याच परतीच्या वाटेवर बसलेली असतात. ती कितीसा दाब सोसणार? दोन दिवस सोसला हेच खूप.

उपाय म्हणजे एक बोटाएवढी स्लीव्ह, तिला पॉवर बियॉन्ड म्हणतात, काही जण कॅरी ओव्हर म्हणतात. ती व्हॉल्व्हमध्ये बसवली की दोन्ही वाटा वेगळ्या होतात. स्लीव्हमधून लिफ्टला, आणि टाकीचं आउटलेट वेगळ्या होजनं सरळ गिअरबॉक्सला. पण ती प्रत्येक व्हॉल्व्हला बसत नाही, बॉडी तशी बनवलेली लागते. माझं नशीब बरं, माझ्या व्हॉल्व्हला ती जागा होती आणि तिच्यात प्लग मारलेला होता. म्हणजे दुकानात त्या दिवशी एक वाक्य बोललं गेलं असतं तर हे सगळं टळलं असतं. स्लीव्ह यायला आठ दिवस लागले, सीलचा सेट तिच्यासोबतच मागवला.

परतीचा होज गिअरबॉक्सला जोडायचा कुठं, हा पुढचा प्रश्न. फिटर म्हणत होता तेल भरायच्या झाकणाला भोक पाडू. चाचा म्हणाले वरून धार पडली की तेलाला फेस येतो, आणि फेस पंपात गेला की पंप ओरडतो, पुस्तक बघ. ट्रॅक्टरसोबत आलेलं पुस्तक मी चार वर्षांत पहिल्यांदा उघडलं. मागच्या बॉडीला डाव्या बाजूला, तेलाच्या पातळीच्या खाली, याच कामासाठी ठेवलेला प्लग निघाला. त्याच्यावर काळ्या मातीचा आणि ग्रीसचा इतका थर होता की स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढावा लागला.

जोडताना खरी कसरत आट्यांची. पंपाच्या पाईपचं नट मेट्रिक आणि व्हॉल्व्हचे पोर्ट बीएसपी, म्हणजे इंची मापाच्या आट्यांचे. सोळा एमएमचा मेट्रिक आटा आणि तीन सुताचा (३/८ इंची) बीएसपी डोळ्यांना सारखेच दिसतात, बाहेरच्या मापात फरक पाऊण एमएमसुद्धा नाही. निप्पल दीड आटा हातानं जातं आणि अडतं. फिटरनं इथं पान्याला पाईप लावला होता. चाचांनी तो निप्पल काढून आटे मोजायची पाती लावून दाखवली, उजेड आरपार दिसत होता. पोर्टचे पहिले दोन आटे चिरडले होते, ते टॅप फिरवून साफ केले. टॅपचा कीस आत राहू नये म्हणून तोंड खाली करून, ग्रीस लावून. फिटरनं सगळीकडं टेफ्लॉन टेप गुंडाळला होता, तोही काढला. टेपचा एक धागा स्पूलमध्ये (लिव्हरनं सरकणाऱ्या आतल्या दांडीत) अडकला तर लिव्हर मध्यावर येत नाही. बीएसपीला डाउटी वॉशर लागतो, लोखंडाच्या कड्याला आतून रबर असतं तो. होज तीन सुताचे घेतले, पण डबल वायर, म्हणजे रबरात तारेच्या दोन जाळ्या असलेले. सिंगल वायरचा तेवढाच होज १८० बारचा असतो आणि डबल वायरचा ३३० चा. किमतीत फार फरक नाही, पाय मात्र त्याच्याच शेजारी असतात.

एक गोष्ट चाचांनी स्वतःहून केली, जी मी हजार वर्षांत केली नसती. त्यांनी कपलरला प्रेशर गेज लावलं आणि लिव्हर दाबून धरलं. काटा २१० बारवर. माझ्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दाब लिहिलाय १६०. मी म्हटलं ट्रॅक्टरला आपला रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारा) आहे की. तर म्हणाले, “हौ, आहे. पण तो लिफ्टच्या डब्यात. नवीन व्हॉल्व्हच्या पुढं. लिव्हर दाबलं की तेल तिथंपर्यंत पोचतच नाही, मग तो काय कामाचा?” म्हणजे लिव्हर दाबलेलं असताना पंपाला वाचवणारा एकच रिलीफ, नव्या व्हॉल्व्हवरचा, आणि तो कारखान्यातून २१० वर लावून आलेला. लॉकनट ढिला करून स्क्रू पाव-पाव आटा सैल करत काटा १५५ वर आणला आणि नट आवळला. पन्नास एमएमच्या जॅकला एवढ्या दाबावर तीन टनाच्या वर जोर मिळतो. एकफाळी नांगर पलटायला त्याच्या पावसुद्धा लागत नाही.

मग इंजिन आयडलवर ठेवून दोन्ही लिव्हर दहा-दहा वेळा पुढं-मागं, हवा निघेपर्यंत. गळती बघायला मी होजवरून हात फिरवायला गेलो तर चाचांनी मनगट धरलं आणि आपलं डाव्या हाताचं बोट दाखवलं, टोकाशी वाकडं. सुईच्या भोकातून आलेलं तेल कातडीतून आत जातं, कळतसुद्धा नाही, आणि नंतर बोट कापायची पाळी येते. पुठ्ठा फिरवायचा. पुठ्ठ्यावर काही उमटलं नाही.

सगळा हिशोब, म्हणजे व्हॉल्व्ह, स्लीव्ह, सहा होज, चार कपलर, वाया गेलेलं तेल आणि दोन मजुऱ्या धरून, चौदा हजाराच्या थोडा वर गेला. फिटरची मजुरी मी परत मागितली नाही. आण्णांचं म्हणणं होतं मागायला पाहिजे होती.

नांगरट झकास झाली. धुऱ्यावर लिफ्ट वर, लिव्हर दाबलं की दीड-दोन सेकंदांत नांगर पलटतो, आणि गेलो त्याच तासाच्या कडेनं परत. रिकामा फेरा नाही, रानाच्या मधोमध चर राहत नाही.

एका दुपारी मात्र फजिती झाली. नांगर सोडून बांधावर ठेवला होता, जेवून आलो आणि होज जोडायला गेलो तर कपलर बसेचना. दाबून, ठोकून, अंगठा सोलून झाला. मेच्या उन्हात जॅकमधलं कोंडलेलं तेल तापून फुगलं होतं, कपलरची गोळी आत जायला जागाच नव्हती. फडकं गुंडाळून होजचा नट अर्धा आटा ढिला केला, चमचाभर तेल आलं, कपलर टचकन बसला. आता नांगर सोडायच्या आधी इंजिन बंद करून दोन्ही लिव्हर हलवतो आणि होज गोणपाटाखाली ठेवतो. टोप्या लावल्याशिवाय कपलर उघडे ठेवत नाही. काळी माती ओली असली की तोंडात गच्च बसते.

ट्रॉलीही आता दुसऱ्या लिव्हरवर घेतलीय. तिचा जॅक पूर्ण वर गेला की साडेचार लिटर तेल त्याच्यात असतं, आणि तेवढं गिअरबॉक्समध्ये कमी. पहिल्या दिवशी शेणखताची ट्रॉली चढावर उभी करून पलटवली तर पंप कुरकुरायला लागला. तेव्हापासून ट्रॉली सपाटीलाच पलटवतो, आणि पातळी दांडीच्या वरच्या खुणेला ठेवतो, अर्थात ट्रॉली खाली असताना बघून. दुसऱ्याची ट्रॉली मात्र जोडत नाही. त्यांच्या जॅकमधलं तेल कोणतं आणि त्यात काय काय आहे कुणास ठाऊक, ते सगळं आपल्या गिअरबॉक्समध्ये येतं. यावरून परवा एका शेजाऱ्यानं तोंड वाकडं केलं.

डावीकडचा खालचा कपलर अजून दिवसाला एखादा थेंब सोडतो. त्याची ओ-रिंग आणायचीय, पुढच्या जालन्याच्या फेरीत.