तुम्ही विचारलंत म्हणून: स्पिट्झ आज असता तर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि एकदाच सविस्तर लिहितोय, कारण मी पोहायला शिकवतो त्या टँकवर पोरांना सोडायला येणाऱ्या पालकांपासून ते लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या माणसापर्यंत सगळे मला हेच विचारतात. माझ्या केबिनमध्ये अमेरिकेचा पोहणारा मार्क स्पिट्झ, त्याचं ते गळ्यात सात मेडलं घातलेलं पोस्टर आहे, ते दिसलं की प्रश्न आलाच. सर, हा आज असता तर जिंकला असता का? आणि मी तोंड उघडायच्या आत अर्धे लोक सांगून टाकतात की छे, आजच्या पोरींपुढेही टिकला नसता, आणि उरलेले अर्धे सांगतात की गॉगल नाही, टोपी नाही, वर मिशी ठेवून सात गोल्ड, आजच्यांना काय सगळं आयतं मिळतं. दोन्ही ऐकून मला राग येतो, आणि का येतो ते आज नीट सांगतो.

आधी आकडे. म्युनिक ऑलिम्पिक १९७२, सात शर्यती, सातही वर्ल्ड रेकॉर्ड. १०० मीटर फ्रीस्टाईल त्याने ५१.२२ सेकंदांत मारली. पॅरिसला २०२४ मध्ये चीनच्या पॅन झानलेने ४६.४० केली. म्हणजे पॅनचा हात भिंतीला लागतो तेव्हा म्युनिकचा स्पिट्झ अजून नऊ-साडेनऊ मीटर लांब आहे. २०० फ्रीस्टाईलला तो १:५२.७८, आणि ऑस्ट्रेलियाची अरियार्न टिटमस २०२४ ला १:५२.२३. म्हणजे हो, तिथे एक मुलगी त्याच्या पुढे गेलीय. पण १०० फ्लायला, म्हणजे बटरफ्लायला, तो ५४.२७ आणि अमेरिकेच्या ग्रेचन वॉल्शने २०२५ च्या मे महिन्यात वर्ल्ड रेकॉर्ड केला तो ५४.६०. तिथे तोच पुढे होता, आणि मधे त्रेपन्न वर्षं गेलीत. आणि आपल्या सजन प्रकाशने २०२१ ला रोममध्ये २०० फ्लाय १:५६.३८ ला मारली, स्पिट्झ होता २:००.७०. सजन चार सेकंदांनी फास्ट! ऑलिम्पिकची ए कट, म्हणजे थेट प्रवेशाची वेळ, गाठणारा तो पहिला भारतीय, आणि टोकियोत तो पहिल्या फेरीतून, हीटमधूनच बाहेर पडला. आता सांगा, स्पिट्झ हलका की सजन हलका? या प्रश्नालाच अर्थ नाही हे मी किती वेळा सांगू.

वेळ कुठून कमी झाली ते बघायचं असेल तर म्युनिकचं फ्लायचं कुठलंही फुटेज लावा आणि पोहणं बघू नका, फक्त टर्न बघा. स्पिट्झ भिंतीला हात लावतो, वळतो, पाय मारून सुटतो आणि जवळजवळ लगेच वर येऊन पहिला स्ट्रोक घेतो. आता आजचा कुठलाही फ्लायवाला बघा. तो भिंतीवरून सुटताना खाली जातो, सगळ्यांच्या टर्नने उसळलेलं पाणी डोक्यावरून जाऊ देतो, हात कानामागे घट्ट, आणि छातीपासून अंगठ्यापर्यंत लाट काढत डॉल्फिन किक मारतो, पंधरा मीटरच्या खुणेपर्यंत. पंधराच का, तर त्याच्यापुढे डोकं वर आलंच पाहिजे असा नियम करावा लागला, कारण ८८ च्या सोल ऑलिम्पिकला डेव्हिड बर्कॉफसारखे बॅकस्ट्रोकवाले, म्हणजे पाठीवर पोहणारे, तीस-पस्तीस मीटर पाण्याखालूनच जायला लागले होते. फ्लायला हा नियम ९८ पासून. पाण्याखाली लाटा नाहीत म्हणून वेग टिकतो, इतकं साधं आहे, पण ते कोणीतरी शोधावं लागलं आणि मग पोटाच्या स्नायूंवर वर्षानुवर्षं मेहनत करून शिकावं लागलं. आयतं कुठे मिळालं?

गॉगलचं ऐका. ऑलिम्पिकमध्ये गॉगल आले ७६ ला. लोकांना वाटतं गॉगलमुळे शर्यतीत नीट दिसतं, एवढाच फायदा. मी ज्या काळात पोहायला शिकलो तेव्हा आमच्या टँकवर कोणाकडेच गॉगल नव्हता, क्लोरीन डोळे मिटून टाकलेलं असायचं, आणि संध्याकाळी घरी गेलो की बल्बभोवती रंगीत कडी दिसायची, आई डोळ्यांवर गुलाबपाण्याच्या घड्या ठेवायची आणि पुस्तक उघडलं की अक्षरं तरंगायची. डोळेच सहन करत नव्हते म्हणून प्रॅक्टिस थांबायची, अंगात दम असताना. गॉगल आले आणि पोरं दोन-दोन तास पाण्यात राहायला लागली, सकाळी आणि परत संध्याकाळी. टायमिंग तिथून खाली आलं.

आणि सूट. हा एकच आरोप मला मान्य आहे, तोही अर्धाच. २००८-०९ ला ते अंगभर रबरी कातड्यासारखे सूट आले तेव्हा खरंच वेडेपणा झाला होता, एकट्या रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ४३ वर्ल्ड रेकॉर्ड झाले, जर्मनीच्या बीडरमनने २०० फ्रीला अमेरिकेच्या फेल्प्सला हरवलं १:४२.०० ला. १ जानेवारी २०१० पासून ते बंद झाले, पुरुषांना कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, तेही कापडाचंच. पण त्याच रोममध्ये ब्राझीलच्या सिएलोने त्या सूटमध्ये १०० फ्री ४६.९१ केली होती, ती नंतर रोमानियाच्या पॉपोविचीने आणि मग पॅनने साध्या कापडात मोडली. म्हणजे माणूस सूटच्या पुढे गेलाच की.

एवढं सगळं मी दहा-बारा वर्षांपूर्वी कोणाला सांगितलं नसतं. तेव्हा मी दुसऱ्या पार्टीत होतो. पोरांना ओरडायचो, स्पिट्झकडे काय होतं, तुमच्याकडे काय नाही, आणि बॅचला बसवून गोष्ट सांगायचो की बघा, बावीसाव्या वर्षी सात गोल्ड घेतली आणि थांबला, टॉपला असताना थांबला, याला म्हणतात चॅम्पियन. मला ती गोष्ट फार आवडायची. त्या गोष्टीचं काय झालं ते आता सांगतो, कारण तुम्ही विचारता तेव्हा मला पोस्टर दिसत नाही, हे दिसतं.

माझ्याकडे एक मुलगी होती, नाव सांगणार नाही. २०० फ्लाय. ज्यांनी ही शर्यत मारलीय त्यांना माहितेय की शेवटच्या पन्नासला खांदे आपले राहत नाहीत, हात पाण्यातून बाहेरच निघत नाही, आणि बहुतेक पोरं तिथे कमरेतून खाली बसतात. ही बसायची नाही. ती शेवटच्या पन्नासला श्वास कमी घ्यायची, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. स्टेटला मेडल होतं. नववी संपली, दहावीचे क्लास सुरू झाले आणि पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी तिचे वडील केबिनमध्ये आले. पतसंस्थेत क्लार्क, अत्यंत सज्जन माणूस, पहाटे साडेपाचच्या बॅचला पोरीला स्कूटरवर आणायचा आणि दीड तास बाकावर बसून राहायचा, थंडीत मफलर गुंडाळून. त्या दिवशी ते बसले नाहीत. खिशातून लॉकरची किल्ली काढली, तो निळा प्लॅस्टिकचा बिल्ला असलेली, आणि टेबलावर ठेवली.

"सर, एवढी जमा करून घ्या."

मी म्हटलं, साहेब, ब्रेक घेऊ दे, सोडवू नका. या वयात मुलींचं शरीर बदलतं, वर्षभर टायमिंग अडकून बसतं आणि पोरींना वाटतं की संपलं, तसं नसतं, ते परत खाली येतं, हिचं तर येणारच आहे, आत्ता सोडलं तर तिला आयुष्यात कळणार नाही की ती किती फास्ट होती. बरंच बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग भिंतीकडे बघून म्हणाले,

"सर, तुमचं म्हणणं पटतं मला. पण हा तुमचा पोस्टरवाला, हापण बावीसला थांबलाच ना? पोरगीच सांगत होती घरी, दाताचा डॉक्टर होणार होता म्हणून. सात गोल्ड मिळवलेल्याला पोटापाण्याचं बघावं लागतं, तर आमच्यासारख्यांनी काय करायचं?"

माझीच गोष्ट. मीच बॅचला सांगितलेली, ती घरी जाऊन सांगितलेली, आणि ती अशी परत आली. मी घाईघाईने म्हटलं की नाही, तेव्हा ॲमॅच्युअरचे नियम होते, जाहिरातीचे पैसे घेतले की स्पर्धा बंद, म्हणून तो थांबला, आता ते नियम बदललेत. ते म्हणाले, "तिकडे बदललेत. आपल्याकडे बदललंय का काही?" हे त्यांनी टोमणा म्हणून विचारलं नाही, खरंच विचारलं. मी काय बोलणार होतो. मी स्वतः बारावीला सोडलंय. किल्ली टेबलावरच होती, ते नमस्कार करून गेले. मुलगी बाहेर स्कूटरपाशी उभी होती, आत आली नाही.

त्या रात्री आणि पुढे बरेच दिवस मी स्पिट्झचंच डोक्यात घेऊन बसलो, त्यांना द्यायचं उत्तर शोधत. आणि मला जे सापडलं ते इतकी वर्षं माझ्या नाकासमोर होतं. १९७६, मॉन्ट्रियल ऑलिम्पिक. १०० फ्लायचं गोल्ड मॅट व्होगेलने घेतलं, ५४.३५ मध्ये. स्पिट्झ चार वर्षांपूर्वी ५४.२७ पोहला होता! म्हणजे फक्त जुनं टायमिंग परत मारलं असतं तरी गोल्ड त्याचंच होतं, आणि तेव्हा तो सव्वीस वर्षांचा असता. बाकी शर्यतींचं मी म्हणत नाही, १०० फ्रीला जिम मॉन्टगोमेरी ४९.९९ वर गेला होता. पण हे एक मेडल त्याने पाण्यात गमावलेलं नाही, कागदावर गमावलं. आणि मी मूर्तिपूजा केल्यासारखा पोरांना सांगत होतो, टॉपला असताना थांबला!

म्हणून मला विचाराल तर सगळ्यात मोठा बदल ना सूट, ना गॉगल, ना ते मागे पाय अडकवायला तिरकी प्लेट असलेले स्टार्टिंग ब्लॉक. माणसाला किती वर्षं पोहू दिलं जातं, हा आहे. फेल्प्स एकतिसाव्या वर्षी रिओ ऑलिम्पिकला पाच गोल्ड घेतो. अँथनी अर्विन तिथेच पस्तिसाव्या वर्षी ५० फ्री जिंकतो. डारा टोरेस एक्केचाळीसाव्या वर्षी बीजिंगला सिल्व्हर घेते, गोल्ड फक्त एका शतांशाने हुकतं. या लोकांना पगार, स्पॉन्सर, फिजिओ, सगळं आहे, म्हणून शरीर पिकेपर्यंत थांबता येतं. स्पिट्झ स्वतः चाळिशी ओलांडल्यावर ९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकसाठी परत आला होता, १०० फ्लायच्या ट्रायल्सच्या, म्हणजे निवड स्पर्धेच्या, पात्रतेलाही दोन सेकंदांहून जास्त कमी पडला. लोक त्यावर हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, मधली वीस वर्षं त्याला कोणी दिली होती?

आणि आपल्याकडे? वीरधवल खाडे, आपल्या कोल्हापूरचा पोरगा, सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिक, २०१० ला ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्ये ५० फ्लायला ब्राँझ, ८६ च्या सोलच्या एशियन गेम्सला खजान सिंगने सिल्व्हर घेतलं त्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला पोहण्यात मेडल. मग तहसीलदारकी मिळाली, नोकरी आणि पाणी एकत्र जमवताना मधली काही वर्षं स्पर्धेपासून लांब गेला, आणि २०१८ ला जकार्त्याच्या एशियन गेम्समध्ये परत येऊन ५० फ्रीला चौथा. ब्राँझ ०.०१ सेकंदाने गेलं. मी त्या शर्यतीत टीव्हीसमोर उभा होतो. शतांश सेकंद म्हणजे नखाएवढं अंतर, आणि ते नख कुठे गेलं असेल याचा विचार मी अजून करतो. नोकरी दिली ते वाईट केलं असं कोणी म्हणू नये, नोकरी पाहिजेच, पण खेळाडूच्या अंगात जोर असण्याचीच वर्षं नोकरीची पण असतात, त्याचं काय करायचं हे आपण अजून ठरवलेलं नाही.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की आजचं खाणं, आजची प्रॅक्टिस, आजची पाण्याखालची किक मिळाली असती तर स्पिट्झ जिंकला असता असं मला वाटतं, कारण पाण्यावर झोपायची त्याची पद्धत आजही कोणाला शिकवता येत नाही. सिद्ध करता येणार नाही, वाद घालायचा तर घाला. पण तो आपल्याकडे जन्मला असता तर दहावीला थांबला असता, हे मला वाटत नाही, माहीत आहे.

त्या वडिलांशी माझं मनातलं भांडण अजून चालू आहे. ते चुकले असं मला म्हणवत नाही, मुलगी आज चांगल्या नोकरीत आहे. ते बरोबर होते असंही म्हणवत नाही, कारण तिची शेवटच्या पन्नासची लय मी पाहिलीय आणि त्यांनीही पाहिलीय, त्या बाकावर बसून. पोस्टर काढून टाका असं एक-दोघांनी सुचवलं, ते मी काढणार नाही. टॉपला थांबल्याची गोष्ट मात्र सांगत नाही, मॉन्ट्रियलची सांगतो. आणि दहावी-बारावीच्या पोरांच्या लॉकरच्या किल्ल्या आता जमा करून घेत नाही, फी पण नाही, वर्षभर ठेवा म्हणतो, जमेल तेव्हा या. काही येतात. बहुतेक नाही येत. या जूनपासून कोणाच्या मुलांना तसं चालू ठेवायचं असेल तर पहाटेच्या बॅचला येऊन भेटा, लेन रिकामी आहे.