दुपारी फिरणारी बगी

रावेरकडच्या एका बागायतदाराच्या मुलाची रिमोटवर चालणारी १/१० मापाची फोर-व्हील ड्राइव्ह बगी माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आली, तेव्हा तक्रार एकच होती. "भाऊ, सकाळी मस्त पळते, अकरा वाजले की वळणावर गोल फिरते. मोटर मोठी टाकून द्या." गोल फिरणाऱ्या गाडीला मोठी मोटर कशाला, हे विचारून उपयोग नसतो. गिऱ्हाईक इलाज ठरवूनच येतं.

अशा गाडीत आधी चारही शॉक, म्हणजे धक्के झेलणाऱ्या तेलाच्या नळ्या, सोडायचे. शॉक सुटला की आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. मागचा डावा आर्म हवेतच थांबला. ऑनलाइन मागवलेले अॅल्युमिनियमचे आर्म होते, दिसायला झकास. पण प्लॅस्टिकचा आर्म धडकेत लवतो आणि परत येतो. अॅल्युमिनियमचा लवत नाही, सगळा धक्का तो ज्या पिनवर हलतो तिला देतो. पिन काचेवर घरंगळवली तर डुगडुगत गेली. नवी पिन टाकली, मूळचे प्लॅस्टिकचे आर्म परत बसवले आणि अॅल्युमिनियमचे पिशवीत घालून मालकाला दिले.

मोटर नव्वद अंशांच्या वर तापत होती. पंचाहत्तरच्या पुढे गेली की मी गाडी थांबवतो. कारण पिनियनमध्ये, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरमध्ये, सापडलं. २२ दात, व्हर्निअरवर बाहेरचा व्यास १२.७ मिमी. ०.६ मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं मिमीतलं माप) असता तर दातांत दोन मिळवून मॉड्यूलने गुणायचं, म्हणजे १४.४ भरायला हवा होता. हा ४८ पिचचा, म्हणजे इंची मापाचा होता आणि तो ज्याला फिरवतो तो मोठा स्पर गिअर ०.६ मॉड्यूलचा. अशी जोडी फिरते, किंचाळते आणि स्परचे दात खाते. विकणाऱ्याने "बसतोय ना" एवढंच पाहिलं असणार. पिनियन आणि स्पर दोन्ही बदलले. मधे वर्तमानपत्राची पट्टी धरून मोटर आवळली आणि पट्टी ओढून काढली, की दातांत हवी तेवढी फट राहते. मोटरच्या स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावला, पण धातूत धातू असेल तिथेच. प्लॅस्टिकवर सांडला तर काही प्लॅस्टिकला तडे जातात.

शॉक उघडले आणि शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला. तेल अडवणाऱ्या सिलिकॉनच्या ओ-रिंग अशा खनिज तेलात फुगतात. चारही शाफ्ट जड झाले होते, त्यामुळे स्प्रिंग काम करतच नव्हती. शिवाय मागचा एक शॉक दुसऱ्यापेक्षा दीड मिमी लांब. रिंग बदलल्या, आधी पुढची आणि मागची अशी प्रत्येक जोडी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (दोन टोकांच्या भोकांपर्यंत) डावी-उजवी सारख्या लांबीची केली, मग पुढे ४० आणि मागे ३५ वेटचं सिलिकॉन तेल भरलं; वेट जितकं जास्त तितकं तेल जाड. भरल्यावर पिस्टन हळूहळू वरखाली करायचा, शॉक उभा ठेवायचा आणि बुडबुडे वर येईपर्यंत हात लावायचा नाही. घाई करणाऱ्याच्या शॉकमध्ये हवा राहतेच, आणि मग तो स्प्रिंगला दोष देतो.

मागच्या डिफमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीत, जाड ग्रीस कोंबलेलं होतं. डिफ जवळजवळ लॉक. मोकळ्या मातीत थ्रॉटल दिला की दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात आणि शेपूट बाहेर जातं. धुऊन मागे ३,००० आणि पुढे ७,००० सीएसटीचं (जाडपणाचं माप) सिलिकॉन तेल भरलं. बॅटरी आत ठेवून, गाडी वीतभर उंचीवरून सोडून मग तिची जमिनीपासूनची उंची मोजली, २५ मिमी ठेवली. मागे टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळवणं) ३ अंश, कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे एक.

इतकं झाल्यावर गाडी ठरल्यासारखी पळायला हवी. सकाळी पळाली. मोटर अडुसष्टवर थांबली. अकराला वळणावर परत फिरली.

ट्रॅक म्हणजे केळीची पिलबाग (आधीच्या झाडांच्या पिलांपासून वाढवलेली बाग) काढून रिकामं झालेलं काळं शेत, कडेला जुन्या ठिबकच्या नळ्या. पहाटे ही माती दबलेली, घट्ट, तुळतुळीत असते. ऊन चढलं की वरचा थर सुटतो आणि फुफाटा होतो. मे महिन्यात तर अकराच्या आतच. मी आधी तेलावर संशय घेतला. सिलिकॉन तेल २५ अंशांवर मोजलेलं असतं. ४५ अंशांत ते साधारण पाव ते एक तृतीयांशाने पातळ होतं, म्हणजे ३५ वेटचं २५-३० सारखं वागतं. मागे ४५ वेट भरलं. खड्ड्यांवर गाडी कमी उडाली, पण फिरायची तशीच फिरली. हे लागू पडायलाच हवं होतं, असंही नाही. मोकळ्या मातीत मऊ शॉक उलट जास्त पकड देतो. तेल परत ३५ वर आणलं.

टायर बदलल्यावर फरक पडला. सकाळी आखूड पिनांचे, दुपारी उंच, विरळ पिनांचे. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) पंच, म्हणजे थ्रॉटल देताच बसणारा पहिला जोर, तोही दोन पायऱ्या खाली घेतला. पोरगा म्हणाला, "स्लो झाली." वळणातून मात्र ती सरळ बाहेर आली.

ठिबकच्या कोपऱ्यातलं एक वळण मात्र अजून दुपारी फसवतं. तिथे फुफाटा साचतो आणि चाकं त्यातून खाली घट्ट मातीपर्यंत पोचतात की नाही, हे प्रत्येक फेरीला वेगळं. पाणी मारून पाहावं तर काळी माती टायरला लिंपली जाते, पिना बुजतात. आदल्या संध्याकाळी थोडं शिंपडून रात्रभर मुरू द्यावं, असं मला वाटतं. पण मे महिन्यात खेळण्यासाठी पाणी द्यायला वडील तयार नाहीत, आणि केळीच्या पट्ट्यात त्यांना कोण चूक म्हणेल? तोवर त्या वळणाआधीच थ्रॉटल सोडायचा. मोठी मोटर मी टाकलेली नाही. पोराने दुसरीकडे भाव विचारलाय म्हणे.